आदिवासी विद्यार्थ्यांच्या पहिल्या चार महिन्यांचा बंदोबस्त करा

महोदय,

दर जूनमध्ये आदिवासी विद्यार्थ्यांसाठीच्या योजनांची यादी वर्तमानपत्रांत येते. यादी चांगली लांब आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, शिक्षण व परीक्षा शुल्क, शासकीय वसतिगृह, वसतिगृह न मिळाल्यास पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, पुढे संशोधनासाठी राष्ट्रीय फेलोशिप. हे सगळे खरेच मिळते. पण मिळते तोवर बहुधा दिवाळी उलटून गेलेली असते आणि गळायची ती मुले आधीच गावी परतलेली असतात. प्रवेश घेतल्यापासून पहिला पैसा हातात पडेपर्यंतचे जे चार महिने, ते आज ना महाविद्यालयाच्या खात्यावर आहेत, ना विद्यापीठाच्या, ना आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयाच्या. हे पत्र त्या चार महिन्यांबद्दल आहे.

अक्कलकुवा तालुक्यातल्या एखाद्या मुलीला पुण्यात अभियांत्रिकीला जागा मिळाली असे धरू. तिचे गावाकडचे प्रकल्प कार्यालय तळोद्याला. पुणे शहरातली आदिवासी वसतिगृहे मात्र घोडेगाव प्रकल्पाच्या अखत्यारीत, म्हणजे कार्यालय आंबेगाव तालुक्यात, भीमाशंकरच्या वाटेवर. एक कागद कमी पडला तर शहरातून एसटीने जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडतो. साहेब दौऱ्यावर असले तर दोन. त्यात वसतिगृहाचे अर्ज बारावीच्या निकालानंतर लगेच सुरू होतात आणि सीईटी कक्षाच्या केंद्रीभूत प्रवेशफेऱ्या पार ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत चालतात. कोणत्या शहरात जागा मिळणार हेच ठाऊक नसताना तिने कोणत्या शहरातल्या वसतिगृहासाठी अर्ज करायचा? जागा पक्की होते तोवर गुणवत्ता यादी लागून खोल्या भरलेल्या असतात. कला-वाणिज्यची मुले आधी येतात, व्यावसायिक अभ्यासक्रमाची नंतर, आणि नंतर येणाऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या जागा पुरत नाहीत.

मग स्वयम् योजना. ऑक्टोबर २०१६ मध्ये ती आली तेव्हाचे दर पाहा. मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये: भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,०००, निर्वाहाचे ८,०००. त्याखालच्या शहरांत ५१,००० आणि इतर जिल्ह्यांच्या ठिकाणी ४३,०००. योजनेची कल्पना चांगलीच आहे. हजारो मुले तिच्यावर शिकली. अडचण तिच्या क्रमात आहे. आधी वसतिगृहासाठी अर्ज हवा, तिथे जागा नाही हे ठरायला हवे, मग स्वयमचा अर्ज, मग राहत्या जागेचा पुरावा, मग पडताळणी, मग हप्ता. घरमालक अनामत आणि पहिले भाडे पहिल्याच दिवशी मागतो. शिवाय अनेक घरमालक चार मुलींना खोली देतात, पण भाडेकरार लिहून द्यायला तयार नसतात. करार नाही म्हणून अर्ज परत येतो आणि मुलगी मात्र त्याच खोलीत भाडे भरून राहत असते.

ज्यांना वसतिगृह मिळाले त्यांचेही सगळे सुरळीत नसते. एप्रिल २०१८ पासून शहरांतल्या वसतिगृहांतली खानावळ बंद होऊन भोजनाचे पैसे खात्यात येऊ लागले. त्या वेळी ठरलेला दर विभागीय शहरांत महिन्याला ३,५०० आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ३,००० रुपये होता. जुलै २०१८ मध्ये विद्यार्थी याविरोधात पुण्याहून नाशिकच्या आयुक्तालयाकडे पायी निघाले ते काही डाळीच्या चवीसाठी नव्हते. खानावळीत पैसे उशिरा आले तरी ताट मिळत होते; खात्यातले पैसे उशिरा आले की ताटच बंद. दर वाढवल्याने यातला निम्माच प्रश्न सुटतो. महिना सुरू होण्याआधी रक्कम जमा होणार नसेल तर वाढीव दराचा उपयोग मागची उधारी फेडण्यापुरता.

आता शिष्यवृत्तीचा अर्ज. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर तो विद्यार्थ्याकडून महाविद्यालयाच्या लिपिकाच्या लॉगिनला जातो, तिथून प्राचार्यांच्या, तिथून प्रकल्प कार्यालयाच्या. सर्वांत जास्त दिवस तो पहिल्याच पायरीवर पडून असतो, कारण त्याच लिपिकाकडे परीक्षा अर्ज, रेल्वे सवलत आणि नॅकच्या मूल्यांकनाच्या फायली असतात. त्रुटी निघाली की अर्ज ‘सेंड बॅक’, म्हणजे परत, होतो. त्याचा संदेश ज्या मोबाईलवर जातो तो क्रमांक बहुतेकदा आश्रमशाळेतल्या सरांचा किंवा गावातल्या सेतूवाल्याचा असतो. मुलाला पत्ता लागतो तेव्हा मुदत संपलेली असते. नेहमीच्या त्रुटीही ठरलेल्या आहेत: आधारवरचे नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव वेगळे, उत्पन्नाचा दाखला मागच्या आर्थिक वर्षाचा, अभ्यासक्रम निवडताना तीन वर्षांचा की चार वर्षांचा यात गल्लत, किंवा महाविद्यालयाने नवा अभ्यासक्रम आणि त्याचे मंजूर शुल्क पोर्टलवर वेळेत चढवलेलेच नाही. ही शेवटची चूक तर शंभर टक्के संस्थेची असते आणि तिची शिक्षा विद्यार्थी भोगतो. काही ठिकाणी अनुसूचित जमातीच्या मुलांकडे नॉन-क्रीमीलेअर मागितल्याचेही दिसते. ते त्यांना लागत नाही, हे प्रवेशाच्या खिडकीवर मोठ्या अक्षरात लिहून लावावे.

बँक खात्याकडे तर कोणी पाहतच नाही. थेट लाभाचा पैसा खाते क्रमांकावर जात नाही. आधारशी जे खाते जोडलेले आहे तिथे जातो. मुलाने शहरात नवे खाते उघडले, पासबुकाची प्रत अर्जाला लावली, पण आधार अजून गावातल्या जुन्या खात्याशी जोडलेले असले तर पैसा तिकडे जातो. ते जुने खाते अनेकदा पाचवी-सहावीत शाळेने उघडलेले, व्यवहार नसल्याने निष्क्रिय झालेले. दुसरा फास अधिक बारीक आहे. पुरेशा ओळखपत्रांशिवाय उघडलेल्या ‘छोट्या खात्या’त वर्षभरात एक लाख रुपयांपेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही आणि महिन्याला १०,००० च्या वर काढता येत नाही. शुल्क आणि स्वयमचा हप्ता एकाच खात्यात यायचा म्हटले की ही जमेची मर्यादा आड येऊ शकते, मग रक्कम परत जाते आणि पोर्टलवर नुसते ‘फेल्ड’ दिसते. बँकेत जाऊन पूर्ण केवायसी, म्हणजे ओळखीच्या कागदांची पडताळणी, करून घेणे हा अर्ध्या तासाचा उपाय आहे. तो जूनमध्ये केला तर. जानेवारीत वर्ष हातचे गेलेले असते.

जात वैधतेवर थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. जातीचा दाखला उपविभागीय अधिकारी देतात, पण व्यावसायिक अभ्यासक्रमात राखीव जागेवरचा प्रवेश टिकवायला अनुसूचित जमाती प्रमाणपत्र तपासणी समितीची वैधता, म्हणजे तो दाखला खरा असल्याचे प्रमाणपत्र, लागते. त्यासाठी कायदा आहे, २००१ चा महाराष्ट्र अधिनियम २३. खोटे दाखले घेऊन आदिवासींच्या जागा बळकावल्या गेल्या म्हणून तो आला आणि तो हवाच. पण कातकऱ्याच्या किंवा माडियाच्या मुलाला तो जड का जातो हेही पाहिले पाहिजे. समितीला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचे वास्तव्य आणि शक्य तितक्या जुन्या नोंदी हव्या असतात. सर्वांत सोपा पुरावा म्हणजे आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा. आणि आजोबा शाळेत गेलेच नव्हते. घरातला पहिला शिकणारा जो, त्याच्याकडेच पुरावा सर्वांत कमी.

अशा वेळी कोणते कागद कामी येतात ते माहीत असावे लागते. तहसीलच्या अभिलेख कक्षात जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, म्हणजे गाव नमुना १४, विदर्भात जिला कोतवाल बुक म्हणतात. जमिनीचे जुने उतारे. चुलत्यांच्या आणि चुलत भावंडांच्या शाळेतल्या नोंदी. जुनी नोंद मोडी लिपीत असली तर तिचे अधिकृत लिप्यंतर करून घ्यावे लागते. वंशावळ शपथपत्रावर लिहिताना वडिलांच्या बाजूची सगळी नावे दाखल्यांतल्या नावांशी जुळली पाहिजेत. आजोबा एका कागदावर ‘सोन्या’ आणि दुसऱ्यावर ‘सोनू’ असले की आक्षेप येतो. कागदांनी समितीचे समाधान झाले नाही तर दक्षता पथक गृहचौकशीला जाते. ते ज्या महिन्यांत जाते त्या महिन्यांत रायगड-ठाण्याकडची कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर, नंदुरबारकडची ऊसतोडीवर. घराला कुलूप, चौकशी अपूर्ण, फाईल खाली.

जमातीची चालीरीत, दैवते, लग्नविधी विचारून जो आप्तभाव तपासला जातो तो एकमेव कसोटी धरता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये ठाकूर जमातीच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. वडिलांच्या बाजूच्या रक्ताच्या नातेवाईकाला रीतसर चौकशीनंतर वैधता मिळालेली असेल तर तिचे वजनही त्या निकालाने मान्य केले. म्हणून घराण्यात कोणाला वैधता मिळाली आहे का, हा पहिला प्रश्न. असेल तर त्याची प्रत आणि नाते जोडणारी वंशावळ फाईलीत सर्वांत वर लावावी. आणखी एक, जे जवळपास कोणीच सांगत नाही: बीए-बीएस्सीला आत्ता वैधता मागत नाहीत म्हणून मुले निर्धास्त असतात. तीन वर्षांनी बीएड, विधी किंवा एमबीएला जाताना तिची गरज पडते आणि तेव्हा हातात महिनाही नसतो. पहिल्या वर्षाच्या पहिल्या सत्रातच महाविद्यालयाच्या पत्रासह प्रकरण दाखल केले तर तीन वर्षांचा अवधी मिळतो.

अभ्यासाच्या बाजूला आज जे चालते ते बरेचसे कागदोपत्री आहे. पावरी, भिली, कोरकू, गोंडी, कोलामी घरात, शाळेत मराठी, आणि आता एकदम इंग्रजीत रसायनशास्त्र. राज्यात शासकीय आश्रमशाळा पाचशेच्या आसपास आणि अनुदानित तितक्याच, पण विज्ञान शाखा थोड्यांतच, आणि तिथेही गणित-भौतिकीचा शिक्षक वर्षभर टिकला तर नशीब. अशा मुलांसाठीचे उपचारात्मक वर्ग संध्याकाळी पाचनंतर ठेवतात. वसतिगृह शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुलींच्या फाटकाची वेळ ठरलेली, बाहेरची खानावळ आठला बंद. वर्ग ओस पडतो आणि ‘मुलांनाच गरज नाही’ असा शेरा पडतो. शिकवणारा तासिका तत्त्वावरचा, त्याला या तासाचे मानधन मार्चमध्ये. हे वर्ग सकाळच्या वेळापत्रकात, पहिल्या चार आठवड्यांत, पहिल्या अंतर्गत चाचणीच्या आत व्हायला हवेत. सगळा अभ्यासक्रम पुन्हा शिकवायची गरज नसते. अपूर्णांक, लॉगरिदम, एककांचे रूपांतर, आलेख वाचणे, प्रयोगवही कशी लिहायची, दहा गुणांच्या प्रश्नाचे उत्तर किती लांबीचे असते, एवढे झाले तरी पहिल्या सत्रातला एटीकेटीचा, म्हणजे राहिलेल्या विषयांचा, ढीग कमी होतो. नापास झाले की पुढच्या वर्षीचा वसतिगृह प्रवेश अडचणीत येतो, म्हणून हे पहिलेच सत्र मोलाचे. ऑस्ट्रेलियात तिथल्या मूळनिवासी विद्यार्थ्यांना एकेकट्याने शिकवायला सरकारी पैशातून ट्यूटर मिळतो, त्यांची विद्यापीठात बसायची वेगळी केंद्रे असतात. आपल्याकडे तेवढा पैसा नाही असे म्हणायचे असेल तर म्हणावे. पण ‘कमवा आणि शिका’त तिसऱ्या वर्षाची आदिवासी मुले बागेला पाणी घालायला लावतो, त्यांनाच त्याच मानधनावर पहिल्या वर्षाच्या दहा-दहा मुलांचे सोबती नेमायला कोणता जादा खर्च लागतो?

वागणुकीचा प्रश्न वेगळा काढून दाखवण्याइतका वेगळा नाही; तो याच कामकाजात मिसळलेला असतो. भर वर्गात ‘एसटीवाल्यांनी उभे राहा, फॉर्म भरला का?’ असे विचारणे. शिष्यवृत्तीधारकांची नावे प्रवर्गासह फलकावर लावणे. शुल्क जमा झाले नाही म्हणून परीक्षेचे प्रवेशपत्र अडवणे, जेव्हा ते शुल्क शासनाकडून यायचे असते आणि पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशावेळी ते वसूल करू नये अशाच सूचना आहेत. मुंबईत २०१९ मध्ये आदिवासी समाजातल्या निवासी डॉक्टर पायल तडवी यांच्या, छळाचा आरोप झालेल्या, मृत्यूनंतर अनेक संस्थांनी समित्या स्थापन केल्याचे फलक लावले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१२ च्या समता विनियमांत तर भेदभावविरोधी अधिकारी आणि तक्रारीवर ६० दिवसांत निर्णय, हे आधीपासून लिहिलेले होते. आपल्या महाविद्यालयातला तो अधिकारी कोण, हे पहिल्या वर्षाच्या कोणत्याही दहा विद्यार्थ्यांना विचारून पाहावे. तक्रारपेटी प्राचार्यांच्या दालनासमोर, कॅमेऱ्याखाली असते. तीत चिठ्ठी कोण टाकणार?

समुपदेशकाबद्दलही तेच. आठवड्यातून एकदा, दोन तास, अनोळखी माणूस. मूल तिथे आपणहून जात नाही. ते जाते ते शिष्यवृत्तीच्या खिडकीशी, कारण तिथे जावेच लागते. म्हणून जो माणूस त्याचा अर्ज पाहतो त्याच्याच लक्षात यायला हवे की हा पंधरा दिवस वर्गात नाही, दोन वेळ जेवत नाही किंवा होळीला घरी गेला तो परत आलेला नाही. सातपुड्यात होळी हा वर्षाचा मोठा सण. काठी गावच्या होळीला लांब गेलेली माणसे परततात. नेमक्या त्याच आठवड्यात अंतर्गत परीक्षा लावल्या जातात. उपस्थिती पंचाहत्तर टक्क्यांखाली गेली की शिष्यवृत्तीचा पुढचा हप्ताही अडतो. परीक्षा चार दिवस मागे-पुढे करणे विद्यापीठाला अशक्य नाही. इतरांच्या सणांसाठी ते नेहमी होते.

आमची मागणी एका टेबलाची आहे. बहुतेक विद्यापीठांत समान संधी कक्ष आहे, विशेष कक्ष आहे. त्यांचे काम आरक्षणाची आकडेवारी आणि अहवाल यांत अडकले आहे. त्यांच्याच अंतर्गत, आदिवासी विद्यार्थी शंभराच्या वर असलेल्या प्रत्येक महाविद्यालयात १ जून ते ३१ ऑक्टोबर एक पूर्णवेळ कर्मचारी द्यावा, ज्याच्याकडे दुसरी कोणतीही फाईल नसेल. प्रवेश निश्चित झाल्याच्या आठवड्यात त्याने प्रत्येक विद्यार्थ्याच्या चार गोष्टी तपासाव्यात: आधार आणि गुणपत्रिकेवरचे नाव, आधारला जोडलेला मोबाईल स्वतःचा आहे का, आधार कोणत्या खात्याशी जोडले आहे, ते खाते पूर्ण केवायसीचे आहे का. एका मुलाला वीस मिनिटे. शंभर मुलांना पाच कामकाजाचे दिवस. पुढे दर सोमवारी पोर्टलवर कोणते अर्ज परत आले आहेत ते पाहून ज्याला त्याला फोन करावा, फलकावर नावे न लावता. प्रकल्प कार्यालयाशी बोलणे त्यानेच करावे आणि महिन्यातून एकदा सगळ्यांचे कागद घेऊन स्वतः जावे, म्हणजे शंभर मुलांचे शंभर दिवस वाचतील.

त्याच्या हाती एक फिरता निधी असावा. खोलीची अनामत, पहिल्या महिन्याचे भाडे आणि खानावळ मिळून माणशी १५,००० धरले आणि शंभरांपैकी चाळीसांना गरज पडली तर सहा लाख रुपये. स्वयमचा हप्ता आला की विद्यार्थ्याने परत करायचे. पैसा त्याच्या खात्यात येतो, महाविद्यालयाला परस्पर कापता येत नाही, त्यामुळे काही रक्कम बुडेल हे धरूनच निधी उभारावा आणि बुडाली म्हणून कोणाचा दाखला अडवू नये. महाविद्यालयाच्या विद्यार्थी कल्याण निधीतून किंवा माजी विद्यार्थ्यांच्या संघटनेकडून एवढी रक्कम उभी राहू शकते. कार्यालयीन आक्षेप एकच येतो, लेखापरीक्षणात हा खर्च कोणत्या शीर्षाखाली दाखवायचा. ‘परतफेडीचे अग्रिम’ असे शीर्ष विद्यापीठाने एका परिपत्रकाने ठरवून दिले की तो मिटतो.

आदिवासी विकास विभागाकडे मागणी तारखांची आहे. शहरांतल्या वसतिगृहांच्या ठरावीक जागा केंद्रीभूत प्रवेशाची शेवटची फेरी संपल्यानंतर दहा दिवसांपर्यंत रिकाम्या ठेवाव्यात. वसतिगृहाचा अर्ज नाकारला गेला की तोच अर्ज आपोआप स्वयमकडे वळावा, दुसरा भरायला लावू नये. राहण्याच्या पुराव्यासाठी भाडेकराराऐवजी प्राचार्यांचे प्रमाणपत्र आणि विद्यार्थ्याचे स्वयंघोषणापत्र चालावे. घोडेगावसारख्या लांबच्या प्रकल्प कार्यालयांनी जुलै ते सप्टेंबर आठवड्यातून दोन दिवस शहरातल्या एखाद्या वसतिगृहात खिडकी उघडावी. आणि तपासणी समित्यांनी स्थलांतर करणाऱ्या जमातींच्या गृहचौकशा जून ते ऑक्टोबरमध्येच उरकाव्यात, माणसे घरी असतात तेव्हा.

यांपैकी कशालाही नवा कायदा लागत नाही. महाविद्यालयांसाठीचे परिपत्रक १५ मेपर्यंत निघाले तरच ते येत्या प्रवेशांना उपयोगी पडेल. जुलैत निघालेले परिपत्रक पुढच्या वर्षीच्या फाईलीत जाते.

आपले,
आदिवासी विद्यार्थ्यांच्या प्रवेश व शिष्यवृत्तीचे काम पाहणारे काही प्राध्यापक व कार्यालयीन कर्मचारी, पुणे